मानेला हिसका

थोरलीची मान त्या सकाळी वळेना, आणि घरात सगळ्यात आधी दोष लागला तो उशीला.

झालं असं, की शेगडीवर दूध ठेवून ती मोरीत भांडी विसळत होती. पाठीमागे दूध वर आल्याचा आवाज तिने ऐकला आणि सवयीने मान वळवायला गेली. कानामागून खांद्यापर्यंत सुतळी करकचून आवळावी तशी कळ आली. मग पायांसकट अख्खं अंगच फिरवावं लागलं. तोवर दूध ओट्यावरून ओघळून जमिनीवर आलं होतं.

"डोळे कुठं असतात गं तुझे?" सासू दारातून म्हणाली.

"मान धरलीय आई. वळतच नाही."

"जाड उशी घेतेस. कितीदा सांगितलं."

"केस ओलेच बांधता तुम्ही ताई," धाकटी जाऊ फडकं घेऊन दूध पुसता पुसता म्हणाली. तिला बोलायचं काहीच नव्हतं, पण सगळे बोलतायत तर आपणही बोलावं, असा तिचा स्वभाव.

नवरा उंबऱ्यावर बसून बूट घालत होता. तो वर न बघता म्हणाला, "मोबाईलमध्ये मान घालून बसायचं, मग दुसरं काय होणार?"

घरात मोबाईल एकच होता आणि तो त्याच्याच खिशात असायचा. थोरलीने हे बोलून दाखवलं नाही. तिने पातेल्यात उरलेल्या दुधाचा चहा केला, सगळ्यांना दिला आणि स्वतःचा कप उचलला. शेवटच्या घोटासाठी मान मागे जाईना. उरलेला चहा तिने मोरीत ओतला.

घरातले तिघे जण एकाच ठिकाणी कामाला होते. गावाबाहेर गुलाबांची मोठी रोपवाटिका होती. नवरा तिथे ट्रॅक्टर चालवायचा, आणि दोघी जावा डोळे भरायच्या. धाकटीचा नवरा लांबच्या कारखान्यात होता आणि सुट्टी मिळाली की यायचा. डोळे भरणं म्हणजे जंगली गुलाबाच्या खुंटाला मुळाजवळ चाकूने चीर द्यायची, साल अलगद सोडवायची, चांगल्या गुलाबाचा डोळा, म्हणजे कोंब, त्या फटीत बसवायचा आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची. खुंट मातीच्या पिशव्यांत, पिशव्या जमिनीवर, लांबच लांब ओळींत. बाया त्या ओळींमधून वीतभर उंचीच्या पाटावर बसून सरकत जायच्या. गुडघे छातीला, हनुवटी गळ्याला, डोळे जमिनीला. काट्यांमधून हात घालायचा असल्यामुळे मान नुसती खाली घालून भागत नाही, ती जराशी डावीकडे कलती ठेवावी लागते. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत तशीच.

आणि हे काम वर्षभर पुरवून करता येत नाही. हवा जुळून आली की खुंटाला रस चढतो आणि साल सुटते. तेवढेच दिवस. हवा फिरली की साल लाकडाला अशी चिकटते की चाकू मोडेल पण डोळा बसणार नाही. म्हणून त्या दिवसांत मुकादम बायांना पाणी प्यायलाही ओळीतून उठू देत नसे. पाणी तोच घेऊन यायचा, आणि त्याचा उपकारही तोच बोलून दाखवायचा.

थोरली सगळ्यांत वेगाने भरायची. तिने भरलेला डोळा वाया जात नसे. त्या दिवशी मात्र तिला बाजूची पिशवी बघायची तर पाटासकट फिरावं लागत होतं. मुकादमाने ते हेरलं.

"काय गं, नवऱ्याशी भांडलीस का? तिकडे बघायलाच तयार नाहीस."

बाया हसल्या. हसायला मिळतंय तर हसून घ्यावं, असं ते काम होतं. दुपारपर्यंत तिचं नाव 'वाकडी' पडलं होतं. "वाकडे, पट्ट्या दे इकडे." "वाकडे, जरा सरळ बघ की." थोरलीने पट्ट्या दिल्या. सरळच बघत होती ती, दुसरीकडे बघताच येत नव्हतं.

संध्याकाळी ती ओसरीत बसून बटाटे सोलत होती. सासूने तेल गरम करून मानेला चोळलं होतं, त्याने कातडी लाल झाली, आत काही उतरलं नाही. नवरा आला, बूट काढले, थोडा वेळ तिच्याकडे बघत उभा राहिला.

"न्हावी माझी दर वेळी मोडतो," तो म्हणाला. "इकडून कट, तिकडून कट. डोकं कसं हलकं होतं. थांब, मी मोडून देतो."

"नको."

"अगं, एका सेकंदाचं काम आहे."

"नको म्हटलं ना."

"मुकादम मला विचारत होता, तुझ्या बायकोचं काय नाटक चाललंय म्हणून. हंगाम आहे हा. ढिली सोड मान."

तिच्या मागे तो कधी आला हे तिला बघता आलं नाही. त्याचा एक तळवा हनुवटीखाली आला, दुसरा डोक्यामागे. हाताला डिझेलचा वास होता. ती "अहो, नको," म्हणेपर्यंत त्याने हिसका दिला.

आवाज झाला. ओली फांदी पायाखाली मोडावी तसा. खोलीत सासू होती, तिनेही तो ऐकला.

"बघ," नवरा म्हणाला, "झालं की नाही मोकळं?"

थोरलीच्या उजव्या खांद्यातून कोपरात आणि कोपरातून अंगठ्यात वीज उतरली. हातातली सोलणी गळून पडली. ती उचलायला तिने हात पुढे केला, तर बोटं सोलणीला लागली, पण लागल्यासारखी वाटली नाहीत. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते नुसतं दुखण्याचं नव्हतं. ज्या डोक्यावर आयुष्यभर आपला हक्क आहे असं तिला वाटत होतं, ते कुणीतरी डब्याच्या झाकणासारखं फिरवलं होतं.

"होईल सकाळपर्यंत ठीक," नवरा म्हणाला आणि हातपाय धुवायला निघून गेला.

सकाळपर्यंत ठीक झालं नाही. अंगठा आणि शेजारचं बोट बधिर होतं. चाकूची चीर नीट पडायची, पण डोळा चिमटीत धरला की धरलाय की नाही हे कळायचंच नाही. डोळे मातीत पडत. पडलेला डोळा शोधायचा तर मान आणखी खाली. तिने दात आवळून ओळ रेटली. दोन-तीन दिवसांनी तिच्या ओळीतले डोळे काळे पडायला लागले.

मुकादमाने सगळ्यांसमोर एक काळा डोळा नखाने उचकटला, तिच्या पुढ्यात धरला. "हे काय आहे?"

"हाताला मुंग्या येतात."

"हाताला येतात, मानेला येतात, उद्या केसांना येतील. आण तो चाकू."

चाकू तिचा स्वतःचा होता. मूठ तिच्या तळव्याला बसलेली, पातं तिने स्वतः परजलेलं. मुकादमाने तो तिच्या हातातून काढून घेतला आणि धाकटीकडे दिला. "तू घे हिची ओळ. आणि तू, वाकडे, रिकाम्या पिशव्या धू."

धाकटीने थोरलीकडे बघितलं आणि चाकू घेतला. घेणार नाही तर काय करणार? थोरली हौदापाशी जाऊन बसली आणि चिखलाच्या पिशव्या धुऊ लागली. लहान पोरांना देतात ते काम. पाणी थंड होतं आणि अर्ध्या हाताला ते जाणवतही नव्हतं.

त्या दिवशी घरी आल्यावर सासूने विचारलं, "अजून दुखतंय?" आणि उत्तराची वाट न बघता म्हणाली, "आम्ही डोक्यावरून दगड वाहिले. आम्ही नाही कधी बोंब मारली."

सासूची मान पुढे वाकून छातीवर टेकल्यासारखी झाली होती. समोरच्या माणसाशी बोलायचं तर ती भुवया वर ओढून डोळे फिरवायची. गेली कित्येक वर्षं ती तशीच होती आणि घरात कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

"नाही मारली बोंब, म्हणून तर ही गत झाली," थोरली म्हणाली. "झाडावर काय लागलंय ते तुम्हाला आम्ही सांगतो तेव्हा कळतं."

बोलून गेली आणि तिची तिलाच लाज वाटली. सासू खाली बघूनच होती, तशीच राहिली. जेवताना मात्र तिने थोरलीच्या हातातलं जड पातेलं काढून घेतलं आणि स्वतः वाढलं.

धाकटीने हळूच सांगितलं, "ताई, तालुक्याला एक बाई आहेत. मणक्याच्या. कायरोप्रॅक्टर का काय म्हणतात. माझ्या मावशीची मान त्यांनीच बरी केली."

"हंगाम संपला की जाऊ," नवरा म्हणाला.

"मी उद्या जाणार," थोरली म्हणाली. "तुम्हाला यायचं तर या, नाहीतर ट्रॅक्टर चालवा."

तो आला. बसमध्ये खिडकीची जागा त्याने तिला दिली. प्रत्येक खड्ड्याला ती हाताने स्वतःचं डोकं धरत होती आणि तो ते बघत होता.

त्या बाईंचा दवाखाना एका दुकानाच्या वर होता. मधोमध एक लांब अरुंद पलंग, चेहरा ठेवायला त्याला भोक. भिंतीला टांगलेला प्लॅस्टिकचा मणका. बाई ठेंगण्या होत्या, हात मात्र सुताराचे असावेत तसे. थोरलीला वाटलं होतं की आता ही पण धरून हिसका देणार. तिने आधीच दोन्ही हात मानेवर ठेवले.

"काढा हात," बाई म्हणाल्या. "विचारल्याशिवाय मी मानेला बोटसुद्धा लावत नाही."

त्यांनी बरंच विचारलं. चक्कर येते का, एकाचे दोन दिसतात का, गिळताना अडकतं का, चालताना पाय लडखडतात का. तिच्या दोन्ही हातांत आपली बोटं देऊन दाबायला सांगितलं. कोपराच्या घडीवर छोट्या हातोडीने ठोकलं. डोळे मिटायला लावून बोटांच्या टोकांना कापूस लावला. "कळलं?" "नाही." "आता?" "नाही." "आता?" "हो."

"हे मुंग्या येणं कधीपासून?"

थोरलीला आधी नवरा काय सांगतो ते बघायचं होतं.

"झोपेत हिसका बसला," नवरा म्हणाला.

थोरलीच्या कानशिलाची शीर उडायला लागली.

"झोपेत नाही," ती म्हणाली. "मी बटाटे सोलत होते. यांनी मागून डोकं धरलं आणि पिरगाळलं. मी नको म्हणत होते."

"न्हावी करतो तसं केलं मी," नवरा पुटपुटला. "बरं व्हावं म्हणूनच."

बाईंनी हातोडी टेबलावर ठेवली. "तुमचा न्हावी एक दिवस कुणाचा तरी जीव घेईल. मेंदूला रक्त नेणाऱ्या नळ्या या मणक्यांतून जातात. वाकडा हिसका बसला आणि नळी आतून फाटली, तर माणूस खुर्चीतच लुळा पडतो. तुमची बायको चालत आली हे तुमचं नशीब. तिचं नाही, तुमचं."



मग त्यांनी कोपऱ्यातला भरलेला पाण्याचा डबा नवऱ्याच्या हातात दिला. "छातीशी धरा. जड आहे?"

"नाही."

"डोकं साधारण एवढंच असतं. आता हात लांब करा. पूर्ण. आणि खाली ठेवू नका."

तो हात लांब करून उभा राहिला. बाईंनी थोरलीला पलंगावर उताणं निजवलं आणि डोक्याखाली दोन्ही तळवे दिले. कट नाही, हिसका नाही. त्यांनी डोकं स्वतःकडे इतकं सावकाश ओढलं की ओढलं जातंय हे तिला श्वास सुटला तेव्हा कळलं. मग बोटांनी मानेच्या कडेची एक एक गाठ धरून त्या थांबत होत्या. गाठ ढिली पडेपर्यंत थांबत होत्या. थोरलीचे डोळे मिटले. सासूने चोळलेलं तेल सोडलं, तर बऱ्याच दिवसांत तिच्याकडून काही करून न घेता कुणी तिच्या अंगाला हात लावला नव्हता.

"काही जणांचा मणका मी कटकन मोकळा करते," बाई म्हणाल्या. "तुमचा नाही करणार. तुमची शीर दबली आहे. आधी एक्स-रे काढा. व्यायाम देते, ते करा. दर आठवड्याला या. पकड आणखी ढिली झाली किंवा पाय लडखडले, तर माझ्याकडे यायचं नाही, सरळ मोठ्या हॉस्पिटलात जायचं. आता सांगा, काम काय करता?"

थोरलीने उठून जमिनीवर बसून दाखवलं. गुडघे छातीला, हनुवटी गळ्याला, मान डावीकडे.

बाईंनी विचारलं, "किती वेळ?"

"दिवसभर."

"मी इथे मोकळी करणार आणि तुम्ही तिथे जाऊन रोज आवळणार. काम डोळ्यांपाशी वर आणा, डोळे कामापाशी नेऊ नका. नाहीतर माझ्याकडे येऊन काही उपयोग नाही."

"मालक नाही ऐकणार."

"तर मग मीही काही करू शकत नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चिडका होता. त्यांच्याकडे अशी माणसं रोज येत असणार.

डबा धरलेले नवऱ्याचे हात एव्हाना सारखे खाली येत होते आणि तो ते पुन्हा वर नेत होता. खांद्यापासून मानेपर्यंतची शीर ताठ झाली होती, कपाळावर घाम होता. बाईंनी सांगितल्याशिवाय त्याने डबा खाली ठेवला नाही.

घरी पोचले तेव्हा धाकटी ओसरीत बसून एका हाताने मान चोळत होती. थोरलीला बघून तिने हात झटकन खाली घेतला.

"काय झालं?"

"काही नाही. उशी जाड झाली असेल."

थोरलीला असा संताप आला की दाराची चौकट धरावी लागली. जावेवर नव्हे. उशीवर, ओल्या केसांवर, नाटक म्हणणाऱ्यांवर, बोंब न मारणाऱ्यांवर.

दुसऱ्या दिवशी ती हौदाकडे गेली नाही. सरळ मुकादमासमोर उभी राहिली. "पिशव्या वर घ्यायला पाहिजेत. उभं राहून भरू."

"वर म्हणजे कुठं? आभाळात?"

"विक्रीच्या शेडमध्ये टेबलं आहेत."

"ती गिऱ्हाइकांसाठी आहेत. फुलं बघायला त्यांनी काय वाकायचं?"

हे तो इतक्या सहज बोलला की त्याचं त्यालाही कळलं नाही. पण ओळीतल्या बायांचे चाकू थांबले. थोरली वळली, अख्ख्या अंगाने वळली, आणि धाकटीपाशी गेली.

"ऊठ."

"ताई, मुकादम..."

"ऊठ म्हणते ना. आज तुझी मान दुखतेय, उद्या तुला पिशव्या धुवायला बसवतील. मग तुझ्या जागी कुणाला आणतील? ऊठ."

धाकटी उठली. तिच्या बाजूची उठली. पाठीला हात लावत, कण्हत, एक एक करत बाया उभ्या राहिल्या. काही जणींना सरळ व्हायलाच वेळ लागला.

"बसा खाली!" मुकादम ओरडला. "साल सुटतेय आज!"

"आज सुटतेय," थोरली म्हणाली. "उद्या सुटेल की नाही ते मालकांना विचारा."

मुकादमाने बायांकडे बघितलं, मग खुंटांकडे. इतक्यात ट्रॅक्टर आला. रिकामी ट्रॉली जोडून नवरा खत आणायला निघाला होता. बाया उभ्या, मुकादम लाल, मधोमध आपली बायको. त्याने इंजिन बंद केलं. थोडा वेळ तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. मग उतरला, ट्रॉलीच्या कडेचे पत्र्याचे फाळके दोन्ही बाजूंनी खाली सोडले, ओळीतल्या दोन पिशव्या उचलल्या आणि ट्रॉलीच्या काठावर ठेवल्या. खुंटाची मान बरोबर छातीच्या उंचीला आली.

"अरे, तू ड्रायव्हर आहेस का हमाल?" मुकादम म्हणाला.

"आज हमाल."

"ट्रॉली खताला पाहिजे. काढ ती."

नवऱ्याने किल्ली काढून खिशात घातली आणि आणखी दोन पिशव्या उचलल्या.

मुकादम फोन घेऊन झाडाखाली गेला. बराच वेळ बोलला, हातवारे केले, मग नुसता "हो, हो" म्हणत राहिला. परत आला तो कुणाकडे न बघता म्हणाला, "हंगाम संपेपर्यंत ट्रॉली राहू दे. पुढचं पुढे. आणि एकही डोळा वाया गेला तर बघा."

"चाकू," थोरली धाकटीला म्हणाली. धाकटीने तो मूठ पुढे करून दिला.

ट्रॉलीभोवती सगळ्या मावत नव्हत्या. निम्म्या उभ्या राहिल्या, उरलेल्यांनी पाळी येईपर्यंत पाटावरच काम धरलं. "आता पाय दुखतील बघा," एक जण म्हणाली. "दुखू देत, पाय तरी लांब आहेत डोक्यापासून," दुसरी म्हणाली, आणि हशा पिकला. थोरली हसली नाही. बधिर अंगठ्याऐवजी मधल्या बोटाने डोळा दाबायचं ती शिकत होती. काम सावकाश होत होतं.

दुपारी बाया जेवायला बसल्या तेव्हा नवरा नव्या पिशव्या चढवत तिच्याजवळ आला. शर्ट भिजला होता.

"बरं वाटतंय?"

"मानेला वाटेल हळूहळू. मला नाही वाटलेलं."

तो पिशवीची माती उगाच थापटत राहिला. "मुद्दाम नाही केलं मी."

"मी नको म्हटलं होतं."

"हो."

"तुम्हाला ऐकू आलं होतं?"

त्याने तिच्याकडे बघितलं, मग रिकाम्या ओळीकडे.

"आलं होतं," तो म्हणाला.

थोरलीने चाकू पुसला, समोरच्या खुंटाला चीर दिली आणि पात्याच्या टोकाने साल सोडवली. तो अजून तिथेच उभा होता. तिला त्याच्याकडे बघायचं असतं तर अख्खं अंग वळवावं लागलं असतं. तिने वळवलं नाही.